फोन केव्हा लावायचा : चौदा शाखांच्या आयएसडीएन बॅकअपच्या प्रकल्प नोंदी

७ जून २००४, सोमवार

जिल्ह्यातील चौदाही शाखांचे दैनंदिन व्यवहार आता बँकेच्या कोल्हापूर मुख्यालयातील युनिक्स सर्व्हरवर चालतात आणि प्रत्येक शाखा ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ हजार बिट) एकेका लीज्ड लाइनने, म्हणजे कायम चालू राहणाऱ्या भाड्याच्या लाइनने, मुख्यालयाशी जोडलेली आहे. गेल्या पावसाळ्यात या लाइनींनी फार मनस्ताप दिला. जमिनीखालच्या केबलच्या जोडांत पाणी शिरले की लाइन बंद पडते, ती दुरुस्त होईपर्यंत काउंटरसमोर खातेदारांची रांग वाढत जाते आणि शाखाधिकारी व्यवहार वहीत लिहून ठेवतात, जे नंतर रात्री बसून संगणकात भरावे लागतात. म्हणून प्रत्येक शाखेला आयएसडीएनची, म्हणजे गरजेपुरता फोन लावून माहिती पाठवता येणाऱ्या डिजिटल टेलिफोन लाइनची, राखीव जोडणी द्यायची असे ठरले असून संगणक विभागातर्फे हे काम माझ्याकडे आले आहे. उद्या हे काम दुसऱ्या कोणाकडे गेले तर त्याला सगळे पुन्हा शोधावे लागू नये, म्हणून नोंदी सविस्तर ठेवत आहे.

शाखेत बीआरआय, म्हणजे आयएसडीएनची लहान जोडणी असेल. तिच्यात प्रत्येकी ६४ केबीपीएसचे, माहिती वाहून नेणारे दोन बी-चॅनल आणि फोन लावण्या-तोडण्याचे संकेत वाहून नेणारा १६ केबीपीएसचा एक डी-चॅनल असतो. मुख्यालयात पीआरआय, म्हणजे मोठी जोडणी घेतली आहे. आपल्याकडे ती २.०४८ एमबीपीएसच्या ई-१ लाइनवर येते आणि तिच्यात ३० बी-चॅनल व ६४ केबीपीएसचा एक डी-चॅनल मिळतो. चंदगड तालुक्यातील एका शाखेच्या एक्स्चेंजवर आयएसडीएनची सोय नाही. राहिलेल्या तेरा शाखांनी एकाच वेळी दोन्ही चॅनल वापरले तरी २६ चॅनल लागतील, म्हणजे एक पीआरआय पुरेशी आहे.

लीज्ड लाइनचे भाडे ठरलेले असते, मग तिच्यावरून एक पॅकेट जावो की लाखो. आयएसडीएनवर मात्र प्रत्येक बी-चॅनलचा फोन वेगळा मोजला जातो आणि फोन चालू राहील तितके बिलाचे पल्स पडत राहतात. त्यामुळे राउटरने, म्हणजे माहितीची पॅकेट योग्य मार्गाने पाठवणाऱ्या यंत्राने, कोणत्या पॅकेटसाठी फोन लावावा आणि तो केव्हा ठेवावा, हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवला आहे.

९ जून २००४, बुधवार

मुख्यालयाची पीआरआय आज सुरू झाली, पण त्यासाठी सकाळचे चार तास गेले. टेलिफोन कंपनीच्या उपकरणातून ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्स केबलची जोडी आली होती आणि आमच्या सिस्को ३६४० राउटरच्या कार्डाला १२० ओहमची संतुलित जोडणी लागते. मधे बालून (दोन प्रकारच्या केबल जुळवणारा जोड) बसवल्यावर सिग्नल आला, तरीही ई-१ कंट्रोलरवरचा अलार्म जाईना. आम्ही कंट्रोलरवर सीआरसी-४ फ्रेमिंग (माहितीसोबत चूक तपासण्याचे बिट पाठवण्याची पद्धत) ठेवले होते, कारण राउटरचे मूळ सेटिंग तेच आहे. पलीकडे मात्र सीआरसी-४ बंद होते. एक्स्चेंजमधील अभियंत्यांना फोन करून विचारले तेव्हा ते एका वाक्यात कळले. ‘फ्रेमिंग नो-सीआरसी४’ असे लिहिताच अलार्म गेला आणि दुसऱ्या थराची, म्हणजे डी-चॅनलवरील संकेतांच्या जोडणीची, स्थिती ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ अशी दिसू लागली.

‘पीआरआय-ग्रुप टाइमस्लॉट्स १-३१’ लिहिल्यावर राउटर स्वतःच ‘सिरियल १/०:१५’ नावाचा इंटरफेस तयार करतो आणि डायलरचे, म्हणजे फोन लावण्याचे, सर्व कॉन्फिगरेशन त्याच्याखाली लिहायचे असते. डी-चॅनल ई-१ लाइनच्या सोळाव्या टाइमस्लॉटमध्ये (वेळेच्या कप्प्यात) असतो, पण इंटरफेसच्या नावात मोजणी शून्यापासून होत असल्याने तिथे १५ हा आकडा येतो. माझ्या सहकाऱ्याने ‘:१६’ शोधण्यात बराच वेळ घालवला, म्हणून ही बाब इथे लिहून ठेवतो.

स्विचचा प्रकार मुख्यालयात ‘प्रायमरी-नेट५’ आणि शाखांत ‘बेसिक-नेट३’ ठेवायचा आहे, कारण आपल्याकडील आयएसडीएन युरोपीय पद्धतीची आहे. आमच्या हाताशी असलेल्या पुस्तकांतील बहुतेक उदाहरणे अमेरिकेतील आहेत. त्यांत ‘स्पिड’ नावाचा क्रमांक प्रत्येक बी-चॅनलला द्यायला सांगितलेला असतो. आपल्याला त्याची गरज नाही.

११ जून २००४, शुक्रवार

शाखेत जाण्यापूर्वी सर्व काही मुख्यालयातच करून पाहावे म्हणून एक बीआरआय इथेच तात्पुरती घेतली आहे. सिस्को १७२१ राउटरमध्ये एक सिरियल कार्ड आणि एक एस/टी बीआरआय कार्ड बसवले आणि तो गडहिंग्लज शाखेचा राउटर आहे असे मानून त्याचे कॉन्फिगरेशन लिहिले.

लीज्ड लाइन पडल्याचे राउटरला कसे कळावे, यावर आधी बराच विचार केला. ‘बॅकअप इंटरफेस’ ही आज्ञा सर्वांत सोपी आहे. सिरियल, म्हणजे लीज्ड लाइनचा इंटरफेस, पडला की बीआरआय उठतो. परंतु ती लिहिल्यावर बीआरआय एरवी ‘स्टँडबाय’ स्थितीत बांधला जातो, त्यामुळे लाइन चांगली असताना राखीव जोडणीची चाचणी घेता येत नाही. शिवाय सिरियलचा प्रोटोकॉल वर दिसत असूनही मार्ग मात्र हरवला आहे, अशी वेळ आली तर ही पद्धत फोन लावणारच नाही. म्हणून मी तरंगता स्थिर मार्ग निवडला. शाखेला मुख्यालयाकडून ईआयजीआरपीने (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीने) मिळणाऱ्या डीफॉल्ट मार्गाचे प्रशासकीय अंतर १७० असते; हे अंतर जितके कमी तितका मार्ग राउटरच्या पसंतीचा. त्याच दिशेचा दुसरा मार्ग आम्ही बीआरआयवरून १०.२०.०.१ या पत्त्याकडे दाखवला आणि त्याला २४० अंतर दिले. ईआयजीआरपीचा मार्ग जिवंत आहे तोवर हा दुसरा मार्ग तक्त्यात येतच नाही. लाइन पडली आणि शेजारी राउटरचे हॅलो, म्हणजे हजेरीचे संदेश, पंधरा सेकंद आले नाहीत की पहिला मार्ग जातो, दुसरा वर येतो आणि पुढचे पॅकेट बीआरआयकडे वळते. लाइन परत आली की आपोआप उलटे होते : रहदारी लीज्ड लाइनवर जाते, बीआरआयवर काही उरत नाही आणि १२० सेकंदांच्या निष्क्रियतेनंतर फोन तुटतो.

मुख्यालयाच्या राउटरवरही प्रत्येक शाखेच्या लॅनसाठी, म्हणजे आतल्या संगणकांच्या जाळ्यासाठी, असाच २४० अंतराचा मार्ग उलट दिशेने लिहावा लागतो. फोन लागल्यावर पीपीपी (फोनवरची जोडणी चालवणारी पद्धत) पलीकडच्या राउटरच्या स्वतःच्या पत्त्याचा मार्ग आपोआप टाकते, पण त्याच्या मागच्या लॅनचा टाकत नाही. हे विसरले की शाखेच्या राउटरवरून पिंग (पलीकडचे यंत्र उत्तर देते का याची चाचणी) चालते आणि काउंटरच्या संगणकावरून मात्र काहीच चालत नाही.

फोन नेहमी शाखेनेच लावायचा असे ठरवले आहे, कारण दोन्ही टोकांनी एकमेकांना फोन लावायला सुरुवात केली तर दोघांनाही लाइन व्यस्त मिळू शकते. यासाठी मुख्यालयाच्या ‘डायलर मॅप’मध्ये (कोणत्या पत्त्यासाठी कोणता फोन लावायचा ते सांगणाऱ्या ओळीत) शाखेचा पत्ता आणि नाव दिले, परंतु फोन क्रमांक लिहिलाच नाही, क्रमांकच नसल्याने तो राउटर येणारा फोन घेऊ शकतो, पण स्वतः लावू शकत नाही.

दुपारी पहिला फोन लागला आणि सर्वांना आनंद झाला. संध्याकाळी लक्षात आले की तो तुटलेलाच नाही. हाताने तोडला की काही सेकंदांत पुन्हा लागायचा. ‘शो डायलर’मध्ये फोन लावण्याचे कारण छापलेले असते आणि तिथे २२४.०.०.१० हा गंतव्य पत्ता स्पष्ट दिसत होता : ईआयजीआरपीचे हॅलो. सवयीप्रमाणे डायलर मॅपला ‘ब्रॉडकास्ट’ हा, सर्वांना उद्देशून असलेली पॅकेटही जाऊ देणारा, शब्द जोडला होता आणि डायलर-लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या पॅकेटसाठी फोन लावायचा त्या यादीत, सर्व आयपी रहदारीला परवानगी होती, त्यामुळे ठरावीक वेळाने जाणारा प्रत्येक हॅलो फोन लावण्याचे किंवा चालू ठेवण्याचे पुरेसे कारण ठरत होता. ‘ब्रॉडकास्ट’ काढला, ईआयजीआरपीखाली बीआरआय इंटरफेस ‘पॅसिव्ह’ केला आणि डायलर-लिस्टला जोडलेल्या अ‍ॅक्सेस-लिस्ट १०१ मध्ये ईआयजीआरपी नाकारून बाकीच्या आयपीला परवानगी दिली. आयएसडीएनवर आपण स्थिर मार्गच वापरत आहोत, म्हणून तिथे ईआयजीआरपी गेली नाही तर काहीही बिघडत नाही.

१५ जून २००४, मंगळवार

आजच्या दोषाने दिवसभर छळले, पण त्यातून जे शिकलो ते फार मोलाचे आहे. प्रायोगिक राउटरवरून टेलनेट (दूरच्या संगणकावर लॉगिन करून काम करण्याची सोय) उघडून एक मोठा अहवाल पडद्यावर आणत होतो. माहिती वाहत असतानाच फोन तुटायचा, लगेच पुन्हा लागायचा आणि पुन्हा तुटायचा. घड्याळ लावून पाहिले, तर प्रत्येक फोन १२० सेकंदांना तुटत होता, आणि इतका अचूक आकडा टेलिफोनच्या लाइनमधील दोषाचा असू शकत नाही.

निष्क्रियतेची मोजणी दोन्ही टोकांचे राउटर आपापली करतात आणि ज्याची वेळ आधी संपेल तो फोन तोडतो. ‘इंटरेस्टिंग’, म्हणजे फोन लावण्याजोगे, ठरवलेले पॅकेट बाहेर गेले तरच ही मोजणी पुन्हा सुरुवातीपासून चालू होते. बाकीची पॅकेट चालू फोनवरून आरामात जातात, पण मोजणीला हात लावत नाहीत. मुख्यालयाच्या इंटरफेसवर ‘डायलर-ग्रुप’ (ही व्याख्या इंटरफेसला जोडणारी ओळ) लिहायचा राहिला होता. मुख्यालय स्वतः फोन लावणार नाही, मग तिथे इंटरेस्टिंग ट्रॅफिक ठरवण्याची गरज काय, असा माझा समज होता आणि तो चुकीचा होता. ग्रुप नसल्याने त्या राउटरच्या दृष्टीने कोणतेही पॅकेट इंटरेस्टिंग नव्हते आणि त्याने दर दोन मिनिटांनी फोन ठेवून दिला. एक ओळ लिहिताच अहवाल शेवटपर्यंत आला. व्याख्या दोन्ही टोकांना सारखी हवी, हे आता कामाच्या तपासयादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे.

१८ जून २००४, शुक्रवार

आज गडहिंग्लजला प्रत्यक्ष उभारणी केली. राउटर आधीच तयार असल्याने तासाभरात परत निघू असे वाटले होते, पण पहिला थर, म्हणजे तारेवरचा सिग्नलच, उठेना. टेलिफोन कंपनीने बसवलेल्या, तिची लाइन जिथे संपते त्या एनटी-१ पेटीपासून राउटरपर्यंत शाखेत साध्या टेलिफोनची दोन तारांची दोरी लावली होती. तिचा प्लग आरजे-४५ च्या खाचेत बसतो, त्यामुळे पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. पण एस/टी, म्हणजे पेटीच्या राउटरकडील, बाजूला चार तारा लागतात : राउटरकडून पाठवण्याची जोडी ३ व ६ या पिनांवर आणि घेण्याची ४ व ५ वर. दोन तारांच्या दोरीत फक्त मधल्या ४ व ५ येतात, म्हणजे राउटर ऐकू शकत होता पण बोलू शकत नव्हता. केबल बदलल्यावर ‘लेअर १ अ‍ॅक्टिव्ह’ आले.

त्यानंतर फोन लागला, पलीकडून ‘कनेक्ट’ आले आणि दोन सेकंदांत तुटले. पुन्हा लागले, पुन्हा तुटले. ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावल्यावर चॅप (पलीकडच्या राउटरची ओळख पटवण्याची पद्धत) नाकारली जात असल्याचे दिसले. चॅपमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. एक टोक आव्हान पाठवते, दुसरे टोक त्या आव्हानावरून आणि गुप्त शब्दावरून एमडी५ या गणिती पद्धतीने काढलेले उत्तर परत देते. त्यामुळे गुप्त शब्दात कुठे फरक आहे ते डीबगमध्ये कधीच दिसत नाही, फक्त उत्तर जुळले नाही एवढेच कळते. आम्ही दोघांनी शब्द अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचला आणि दोन्हीकडे तो सारखाच होता.

शेवटी दोन्ही राउटरवरील सांकेतिक रूपातील पासवर्ड कागदावर उतरवून घेतले. सातव्या प्रकारच्या या रूपात मूळ शब्दाच्या प्रत्येक अक्षराला दोन चिन्हे येतात, आणि मुख्यालयातील ओळ शाखेतील ओळीपेक्षा दोन चिन्हांनी लांब होती, म्हणजे तिथे एक अक्षर जास्त होते. मजकुराच्या फाइलमधून आज्ञा चिकटवताना शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा आली होती आणि राउटर अशी जागा पासवर्डचाच भाग मानतो. ओळ हाताने पुन्हा लिहिली आणि फोन टिकला.

या तासाभरात राउटरने किती तरी वेळा फोन लावला आणि पलीकडून उचलला गेलेला प्रत्येक फोन मोजला गेला असणार, ही गोष्ट मनाला लागली आहे. यापुढे शाखेत डीबग करताना बीआरआय आधी बंद ठेवायचा आणि एकेक प्रयत्नापुरताच उघडायचा.

२४ जून २००४, गुरुवार

आजरा. इथे पाऊस सुरू झाला आहे आणि रस्त्याने यायला उशीर झाला. राउटर जोडला तेव्हा पहिला थर ‘डीअ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसला आणि मी केबल पुन्हा तपासू लागलो. परंतु नेट३ पद्धतीत लाइन रिकामी असताना एक्स्चेंज पहिला थर झोपवून ठेवू शकते आणि फोन लावल्याबरोबर तो जागा होतो. तसेच झाले. दोष निराळाच होता : फोन नाकारला जात होता आणि ‘डीबग आयएसडीएन क्यू-९३१’मध्ये कारण ८२बी९ असे येत होते.

हा आकडा कसा वाचायचा ते लिहून ठेवतो, कारण पुढील सर्व शाखांत तो उपयोगी पडेल. पहिला बाइट कारण कोणाकडून आले ते सांगतो. ८२ म्हणजे आपल्या बाजूचे सार्वजनिक एक्स्चेंज. दुसऱ्या बाइटमधून षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीतील ८० वजा केले की ३९ उरतात, ते दशमानात ५७. क्यू-८५० च्या यादीत ५७ म्हणजे मागितलेल्या प्रकारच्या वहनाला या ग्राहकाला परवानगी नाही. आमचा राउटर ६४ केबीपीएसचे निखळ डिजिटल वहन मागत होता आणि एक्स्चेंजमध्ये ही लाइन फक्त बोलण्यासाठी उघडलेली होती. म्हणूनच आयएसडीएनचा फोन लावून कोल्हापूरशी बोलता येत होते आणि राउटरला मात्र नकार मिळत होता. शाखाधिकारी म्हणाले, “साहेब, लाइन तर चालू आहे, मी आत्ताच बोललो.” त्यांचे निरीक्षण बरोबर होते आणि तेच आमच्या निदानाला बळ देणारे होते.

एक्स्चेंजमधील अधिकाऱ्यांना ‘डेटा चालत नाही’ असे न सांगता कारण क्रमांक ५७ सांगितला. अर्ध्या तासात त्यांनी लाइनवर डेटाची सेवा उघडली. कारणाचा आकडा हातात असला की दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो. १६ म्हणजे नेहमीप्रमाणे ठेवलेला फोन, १७ म्हणजे पलीकडे व्यस्त, २८ म्हणजे क्रमांकाची रचना चुकीची, ३४ म्हणजे चॅनल मोकळा नाही. या चार-पाच आकड्यांचा कागद प्रत्येक शाखेच्या राउटरच्या पेटीवर चिकटवणार आहे.

२८ चा अनुभव आजच आला. डायल करायच्या क्रमांकात मी शून्य आणि २३१ (कोल्हापूरचा एसटीडी कोड) लिहिले होते व मधे वाचायला सोपे जावे म्हणून आडवी रेघ दिली होती. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हा फोन शून्याऐवजी ९५ लावून करायचा असतो. रेघ काढून ९५२३१ पासून सुरू होणारा क्रमांक सलग लिहिला आणि फोन लागला.

२९ जून २००४, मंगळवार

कागल, जयसिंगपूर, गारगोटी, मलकापूर आणि आणखी तीन शाखा झाल्या. नवे काही आढळले नाही. आयएसडीएन नसलेल्या शाखेत राउटरच्या ऑक्झिलरी पोर्टवर साधा मोडेम बसवला आहे. त्याला फोन लागून बोलणी पूर्ण व्हायला अर्धा मिनिट लागतो, जिथे आयएसडीएनला दोन-तीन सेकंद पुरतात. पण एका काउंटरचे काम त्यावर चालते.

६ जुलै २००४, मंगळवार

काल संध्याकाळी सात वाजता गारगोटीची लीज्ड लाइन पडली आणि आज सकाळी दहाला परत आली. मधल्या पंधरा तासांत आयएसडीएनचा फोन सतत चालू होता. शाखा संध्याकाळीच बंद झालेली, आत फक्त रखवालदार, आणि तरीही फोन चालू. ज्या खर्चाची भीती मी पहिल्या नोंदीत लिहिली होती, तो खर्च समोर आला.

कारण शोधायला दुपार लागली. फोन लावण्याचे कारण ‘शो डायलर’मध्ये नेटबायोसचे (विंडोज संगणकांनी एकमेकांना नावाने शोधण्याच्या पद्धतीचे) होते. काउंटरचा एक संगणक चालू राहिला होता आणि तो यूडीपी १३७ या पोर्टवरून मुख्यालयाच्या सर्व्हरला नाव विचारत होता. पण तो संगणक सतत विचारत नव्हता, मग फोन चालू कशाने राहिला? त्याचे उत्तर आमच्याच खोलीत होते. मुख्यालयातील देखरेखीचा संगणक प्रत्येक शाखेच्या राउटरला दर मिनिटाला पिंग करतो. मुख्यालय फोन लावू शकत नाही, म्हणून या पिंगचा आम्ही कधी विचारच केला नाही. परंतु शाखेने एकदा फोन लावला की पिंग त्या वाटेने पलीकडे पोहोचते, तिचे उत्तर परत येते, दोन्ही राउटरना ते इंटरेस्टिंग वाटते आणि १२० सेकंदांची मोजणी दर ६० सेकंदांनी पुन्हा सुरुवातीला येते. असा फोन कधीच तुटणार नाही.

‘अमुक सोडून सर्व काही’ अशी व्याख्या करण्यातच चूक होती, असे माझे आता ठाम मत झाले आहे. नाकारायच्या गोष्टींची यादी कधी पूर्ण होत नाही. आज नेटबायोस, उद्या घड्याळ जुळवण्याचे एनटीपी, परवा एखादे नवे सॉफ्टवेअर. अ‍ॅक्सेस-लिस्ट १०१ उलट करून लिहिली : शाखेकडून युनिक्स सर्व्हरच्या टेलनेट पोर्टकडे, म्हणजे टीसीपी २३ कडे जाणारी आणि मुख्यालयात त्याच पोर्टकडून येणारी रहदारी तेवढी इंटरेस्टिंग, बाकी सर्व नाही. ‘बाकी नाही’ याचा अर्थ बाकीची पॅकेट अडवली जातात असा नव्हे. फोन चालू असताना छपाई, पिंग, नेटबायोस सर्व काही जाते, फक्त त्यांच्यासाठी फोन लागत नाही आणि टिकत नाही.

याचा एक परिणाम शाखांना कळवला पाहिजे. यापुढे पिंग करून बॅकअपची चाचणी होणार नाही, कारण पिंगने फोन लागणारच नाही. चाचणी टेलनेटने लॉगिन करूनच घ्यावी.

८ जुलै २००४, गुरुवार

विभागप्रमुखांनी सुचवले की रात्री फोन लागूच नये म्हणून अ‍ॅक्सेस-लिस्टला वेळेची मर्यादा घालावी. राउटरमध्ये ‘टाइम-रेंज’ची सोय आहे आणि सकाळी आठ ते रात्री नऊ एवढीच परवानगी लिहिणे दोन ओळींचे काम आहे. मी काल ते प्रायोगिक राउटरवर लावले आणि आज काढून टाकले. कारण असे : शाखांतील राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेली आणि यूपीएस संपला की परत सुरू होताना राउटर १ मार्च १९९३ च्या मध्यरात्रीपासून वेळ मोजू लागतो आणि खरी वेळ त्याला मुख्यालयाकडून एनटीपीनेच मिळते. भारनियमनाच्या दिवसांत वीज जाणे रोजचे आहे. त्याच वेळी लीज्ड लाइन बंद असेल तर राउटरला वेळ मिळणार नाही, त्याच्या हिशेबाने मध्यरात्र असल्याने तो फोन लावणार नाही, आणि फोन न लागल्याने वेळही मिळणार नाही. भर दुपारी, गर्दीच्या वेळी, राखीव जोडणी स्वतःलाच कुलूप लावून बसेल. हे प्रायोगिक राउटरची वीज काढून मी विभागप्रमुखांना दाखवले आणि त्यांनाही ते पटले.

१३ जुलै २००४, मंगळवार

दोन छोटी कामे केली. मुख्यालयात ‘आयएसडीएन कॉलर’ लिहून फक्त तेरा शाखांच्या क्रमांकांवरून येणारे फोन घ्यायचे असे केले. हा क्रमांक ‘सेटअप’ संदेशातच येतो, त्यामुळे परका फोन उचलण्याआधीच नाकारला जातो; चॅपची तपासणी मात्र उचलल्यानंतर होते. येणारा क्रमांक डीबगमध्ये ज्या रूपात दिसतो तसाच लिहावा. आम्ही आधी अंदाजाने शून्यासकट लिहिला आणि आमच्याच शाखा नाकारल्या गेल्या.

दुसरे काम मल्टिलिंकचे. भार वाढला की दुसरा बी-चॅनल जोडून १२८ केबीपीएस मिळवता येतात. तेवढी गरज फक्त गडहिंग्लज आणि जयसिंगपूर या मोठ्या शाखांना आहे, म्हणून ‘डायलर लोड-थ्रेशोल्ड १२८ आयदर’ तिथेच लिहिले. हा आकडा २५५ पैकी असतो, म्हणजे सुमारे निम्मा भार झाला की दुसरा फोन लागेल. टेलनेटच्या कामाला ६४ पुरते आणि दुसरा चॅनल म्हणजे दुसरे बिल, म्हणून बाकीच्या शाखांना ही सोय देण्याच्या मी विरुद्ध आहे.

२० जुलै २००४, मंगळवार

मलकापूरला शनिवारी दुपारपासून लाइन बंद होती आणि रविवारी दिवसभर फोन चालू राहिला. नवी अ‍ॅक्सेस-लिस्ट असूनही! कारण पाहिले तर टीसीपी २३ च होते, म्हणजे राउटर सांगितल्याप्रमाणे वागत होता. काउंटरवरील एका संगणकावर लॉगिन तसेच राहिले होते, आणि बँकिंग सॉफ्टवेअरच्या मेनूच्या वरच्या कोपऱ्यात वेळ दाखवली जाते, जी सर्व्हर दर मिनिटाला नव्याने पाठवतो. पडद्यावरचे ते चार आकडे बदलत राहावेत एवढ्यासाठी दिवसभर फोन चालू होता.

हा दोष राउटरवर दूर करता येत नाही, कारण घड्याळाचे पॅकेट आणि खातेदाराच्या व्यवहाराचे पॅकेट राउटरला सारखेच दिसतात. म्हणून सर्व्हरवर रोज रात्री नऊला आणि शनिवारी दुपारी चारला शाखांची उरलेली लॉगिन बंद करणारे काम लावले. दिवसअखेरीचे काम उशिरापर्यंत चालणाऱ्या दोन शाखांना यातून वगळले असून तिथल्या शाखाधिकाऱ्यांनी घरी जाताना लॉगआउट झाल्याची खात्री करण्याचे मान्य केले आहे.

२ ऑगस्ट २००४, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गडहिंग्लजची लाइन पडली. सोमवारची गर्दी, चार काउंटर चालू. मी त्या वेळी मुख्यालयाच्या राउटरसमोरच होतो. ईआयजीआरपीचा शेजारी गेल्याचा संदेश आला, त्यानंतर पाच सेकंदांच्या आत शाखेचा फोन आला, चॅप झाली आणि मार्ग वर आला. रोखपालांना फोन करून विचारले, तर ते म्हणाले की पडदा थोडा वेळ थांबला होता, मग पुढे चालू लागला. पुन्हा लॉगिन करावे लागले नाही. दोन्ही टोकांचे आयपी पत्ते तेच राहिल्याने टेलनेटचे सत्र तुटत नाही, हे आम्ही प्रयोगात पाहिले होते, पण चालू शाखेत ते घडताना ऐकून फार समाधान वाटले. काही मिनिटांनी दुसरा चॅनलही लागला आणि गर्दी ओसरल्यावर सुटला.

दुपारी दोन पंचवीसला लाइन परत आली, रहदारी तिच्यावर गेली आणि दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी फोन बंद झाला. तोडण्याचे कारण : १६.

चौदाही शाखांची कॉन्फिगरेशने छापून फाइलला लावली आहेत. मासिक चाचणी पहिल्या शनिवारी, कामकाज संपल्यावर. ७ ऑगस्टला पहिली. शाखेतील एकाने लीज्ड लाइनची केबल काढायची, टेलनेटने लॉगिन करायचे, फोन लागल्याची आणि केबल परत लावल्यावर दोन-तीन मिनिटांत तो तुटल्याची, अशा दोन्ही वेळा वहीत लिहायच्या. दुसरी वेळ लिहिलेली नसेल तर मुख्यालयातून त्याच दिवशी त्या शाखेला विचारणा होईल.